पिवळ्या कॉलनीवर कुणाचं नाव

‘मेंढरांचा वास येतोय,’ माझे मार्गदर्शक सर म्हणाले. माझी काचेची प्लेट नाकापासून लांब धरून. प्रयोगशाळेत सात जण होते. सातही हसले.

प्लेटवर जिवाणूंचे पिवळे ठिपके, पिवळ्या कॉलन्या उगवल्या होत्या. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता. रत्नागिरीहून बाटलीत आलेल्या गाळातून मी हे जिवाणू वाढवले होते. पुस्तकातल्या एकाही वर्णनाशी ते जुळेनात. माझी पीएच.डी. त्यांच्यावरच उभी राहणार होती.

‘नवी जात कसली? तुझ्या हातची घाण आहे. फेकून दे.’

पहिल्याच दिवशी सरांनी आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग बाप काय करतो. पाचोडकडं मेंढरं राखतो म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. दिवस नामांतराचे. विद्यापीठाचं नाव बदलायचं म्हटल्यावर खेड्यापाड्यांत दलितांची घरं पेटली होती. कुणी नाव विचारलं की मी आधी विचारणाऱ्याचे डोळे बघायची.

प्लेट फेकली नाही. हातावरचे जंतू मिठाशिवाय वाढतात. माझे समुद्रातले असतील तर वाढणार नाहीत. दोन प्लेटा केल्या. बिनमिठाची रिकामी राहिली. मिठाची पिवळी झाली.

दोन्ही सरांना दाखवल्या. ‘ठेव इथं. बघतो.’

घाण म्हणणारा माणूस ती कपाटात कुलपात का ठेवतो? माझ्या डोक्यातून ते जाईना.

महिन्याभरानं बाहेरचे एक प्राध्यापक पाहणीला आले. टेबलावर माझ्याच प्लेटा. झाकणांवर सरांच्या भाच्याचं नाव. तो माझ्याच शेजारी संशोधनाला होता. म्हणत होता, ‘ही जात मी शोधली.’

‘तू चहा सांगून ये,’ सर मला म्हणाले.

मी गेले नाही. झाकणं अदलाबदल होतात, म्हणून नाव प्लेटच्या बुडाला लिहायचं असतं. भाच्याला ते ठाऊक नव्हतं. त्यानं आयुष्यात एक प्लेट स्वतः केली नव्हती. मी प्लेट उलटी केली. काचेवर तारीख, नंबर, माझं नाव. माझ्या अक्षरात.

पाहुण्यांनी वाचलं. सरांकडं पाहिलं.

‘ती मदतनीस होती,’ सर म्हणाले.

‘मदतनीस नाय, सर. घाण माझ्याच हातची हाय. तुम्हीच म्हणला व्हता.’

हे रागानं बोलले की भीतीनं, अजून सांगता येत नाही.

पाहुणे गेले. सरांना, भाच्याला काही झालं नाही. आठवड्यात माझी पीएच.डी.ची नोंदणी रद्द झाली, कारण ‘गैरवर्तन’. आता वाळूजला औषधाच्या कारखान्यात तपासनीस आहे.

सरांकडच्या प्लेटा सुकून मेल्या. नवी जात मान्य व्हायला जिवंत जिवाणू संग्रहात जमा करावे लागतात, आणि त्यांची नळी मी पहिल्या दिवसापासून खोलीवर ठेवली होती. दर महिन्याला त्यांना नव्या माध्यमावर, ताज्या खाद्यावर घेते. गोड बोलून नळी मागायला सरांकडून दोघे येऊन गेले. दोघांनाही दारातूनच परत पाठवलं.

मार्गदर्शक दुसरा शोधेन. विद्यापीठ दुसरं शोधेन. पण पहिलं नाव माझं, असं कागदावर सही करून देईल त्याच्याच हातात नळी जाईल.