घरासाठी आणि शिकारीसाठी एकच

मी बंदूक घ्यायला गेलो होतो, हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. हिल्सबरोच्या आमच्या घरी चोरी झाली, त्याच आठवड्यातली गोष्ट. दुकानदार सत्तरीचा, पायात जँडल्स, इथल्या रबरी चपला. बोलता बोलता शर्टाच्या बाहीने काउंटरची काच पुसत होता.

"घराचं रक्षण आणि शिकार, दोन्हीला चालेल अशी एकच शॉटगन दाखवा," मी म्हणालो.

"रक्षणासाठी इथे लायसन्स देत नाहीत, मित्रा. बदकं मारतोस?"

"मी अंडंही खात नाही."

तो हसला नाही. "बंदूक कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, असा कायदा आहे. चोराला म्हणायचं, बस जरा, चहा घे, मी किल्ल्या शोधतो." मग त्याने विचारलं, "घरी रात्री कोण असतं?"

"बायको. मी आठवडाभर हॅमिल्टनला असतो, कामासाठी."

बाही थांबली. "मग बंदूक तिला हवीय की तुला?"

तिला मी घरी हवा होतो. तसं ती म्हणालीही होती. मी म्हणालो होतो, ऑफिसवाले ऐकत नाहीत गं.

ऑफिसने मला पाठवलंच नव्हतं. हॅमिल्टन मी मागून घेतलं होतं. हे तिला सांगायचं अजून बाकी आहे.