दहिवरातली गाडी

चिंचवडहून शनिवारी सकाळी सातला निघायचं ठरलं होतं. निघायला सव्वासात झाले, कारण अण्णांचं गाडी पुसणं संपत नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं त्यांनी करमाळ्यात दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. आधी एका डॉक्टरांची, मग एका बागायतदाराची. डोळ्यांना कमी दिसायला लागलं तेव्हा त्यांनी कोणी सांगायच्या आत किल्ली परत दिली. आता ते आणि आई माझ्याकडे असतात. स्टिअरिंग सुटलं, पण पहाटे उठून गाडी पुसायची सवय सुटली नाही. चाकाच्या वाटीपासून आरशाच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत त्यांचं पिवळं फडकं फिरतं.

गाडी छोटी, पांढरी, आमच्या आधी एकाच मालकाने बारा वर्षं वापरलेली. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिला. माझ्या कॉलेजची फी अण्णांच्या पगारातून गेली, म्हणून गाडी घेताना ती अण्णांच्या नावावर घेतली. त्यांनी सह्या केल्या. पण बोलताना ते आजही "तुझी गाडी"च म्हणतात.

गाड्यांची हौस असलेल्या मंडळींचा पुण्यात एक गट आहे. दर हिवाळ्यात ते मावळात फोटोंची स्पर्धा घेतात. नियम साधे. शनिवार दुपार ते रविवार सकाळ एवढ्या वेळात काढलेला एकच फोटो द्यायचा. त्यात थंडी दिसली पाहिजे, गाडी दिसली पाहिजे आणि गाडीचा मालक दिसला पाहिजे. शेवटचा नियम वाचला आणि मी लगेच नाव दिलं.

त्याचं कारण सांगतो. दसऱ्याला डॉक्टरांच्या बंगल्यावर गाडीची पूजा व्हायची. अण्णा गाडी धुवायचे, झेंडूचा हार बांधायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे. फोटो काढायची वेळ आली की मात्र ते बाजूला व्हायचे. कोणी "हो बाजूला" म्हणायचं नाही, त्यांचे पायच सरकायचे. डॉक्टरीणबाईंनी एकदा आम्हाला त्यातला एक फोटो दिला होता. त्यात गाडी आहे, सगळं कुटुंब आहे आणि अगदी डाव्या कडेला अण्णांचा फक्त हात आहे, पिवळं फडकं धरलेला. चौतीस वर्षांत गाडीबरोबरचा त्यांचा तेवढाच फोटो. मला त्यांचा अख्खा फोटो हवा होता. बक्षिसाचं काही नव्हतं.

देहूरोड, तळेगाव, वडगाव मागे टाकत आम्ही जुन्या रस्त्याने निघालो. मी चालवत होतो आणि अण्णा शेजारी बसून, समोर ट्रक आला की, स्वतःच्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होते. कामशेतच्या पुढे भाताची खाचरं मोकळी झालेली दिसली. कापलेल्या भाताचे खुंट, मधूनच मसूर-हरभऱ्याचा हिरवा तुकडा, आणि बांधांवर उडव्या (पेंढ्यांच्या रचलेल्या राशी). अण्णांनी काच खाली घेतली. "वास घे," म्हणाले. गार हवेत सुक्या पेंढ्याचा वास होता.

लोणावळ्यात एका मैदानावर सगळे जमले होते. आमच्यापेक्षा मोठ्या, चकचकीत, काही फार जुन्या आणि जपलेल्या गाड्या होत्या. टेबलाशी सायली नावाची मुलगी नोंदणी करत होती.

"काका, तुम्ही?" तिने अण्णांना विचारलं.

"मी ड्रायव्हर," अण्णा म्हणाले. सवयीने.

तिने गाडीचे कागद पाहिले, मग अण्णांकडे पाहिलं. "दत्तात्रय म्हणजे कोण?"

"मीच."

"मग मालक तुम्हीच की! फोटोत तुम्ही हवेत. नियम आहे."

"माझं काय काम बाई फोटोत? ह्याला घ्या. शिकल्याला हाय."

सायली हसली आणि तिने आमच्या हातात पंचवीस नंबरचा बिल्ला दिला. अण्णांनी तो नीट माझ्या खिशाला लावला.

दुपारी सगळ्यांचा मोर्चा खंडाळ्याकडे वळला. दरीच्या कडेला धुरकट ऊन होतं आणि खाली रेल्वेचा बोगदा खेळण्यातल्यासारखा दिसत होता. मी गाडी कठड्याजवळ लावली, अण्णांना बॉनेटशी उभं केलं आणि मागे गेलो. मोबाईल वर केला. अण्णा चौकटीबाहेर.

"अण्णा, आत या."

ते आत आले. मी पुन्हा मोबाईल वर केला तोवर दोन पावलं सरकलेले. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ते खरोखर थांबले. हातात चिक्कीचा पुडा, चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा. तेवढ्यात कठड्यावरून एक माकड थेट बॉनेटवर उतरलं, त्याने पुडा ओढला, आणि अण्णा "अरे काच! काच!" म्हणत वायपर वाचवायला धावले. माझ्या फोटोत गाडी आली आणि चिक्की खाणारं माकड आलं.

शेजारच्या निळ्या गाडीचे गृहस्थ वाकून बघत म्हणाले, "झकास आलाय. पण मालक जरा लहान वाटतात हो."

अण्णासुद्धा हसले. मग त्यांनी फडकं काढून बॉनेटवरचे माकडाच्या पंजांचे ठसे पुसले.

मुक्काम लोणावळ्याजवळच औंढ्यात होता, माझ्या कंपनीतला मित्र संतोष याच्या घरी. संतोष कामावर होता. घरी त्याची आई, हौसामावशी. आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोंगरावर चढून गेलं होतं आणि अंगणात गारवा उतरला होता. मावशींनी पावट्याची आमटी, तांदळाची भाकरी आणि इंद्रायणीचा भात वाढला. भात ताटात पडला आणि सगळ्या खोलीत त्याचा वास पसरला.

"लाजू नगा," मावशी अण्णांना म्हणाल्या. "आमच्यात पाव्हण्यानं दोनदा न्हाई म्हनायचं आन् तिसऱ्यांदा घ्यायचं. तुमचं दोनदा म्हनून झालंय."

अण्णा हात धुवायला बाहेर गेले तेव्हा मी मावशींना स्पर्धेचं सांगितलं आणि विचारलं, "इथे पहाटे थंडी दिसेल असं काय असतं?"

"दईवर," त्या म्हणाल्या. दहिवर, म्हणजे दंव. "लय पडतं हितं. गाडी उघड्यावर ठेव. सकाळी बग, साबुदाना सांडल्यावानी दिसंल. आन् डोंगुर आडवा हाय, ऊन उशिरा येतं. तवर ऱ्हातं."

मी गाडी आंब्याखालून काढून उघड्या खळ्यात नेली. मनात फोटो तयार होता: सगळी गाडी दहिवराने पांढरी आणि शेजारी अण्णा. त्यांना मात्र बोललो नाही. आधी सांगितलं तर उद्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून, पुन्हा पासपोर्टचा चेहरा करून उभे राहतील, अशी भीती वाटली.

सकाळी जाग आली ती चुलीच्या धुराने. बाहेर आलो. खळं, पेंढा, कुंपणावरची कोळ्यांची जाळी, सगळं दहिवराने भिजलं होतं. गाडी मात्र अर्धी चकचकीत कोरडी होती. अण्णा स्वेटर आणि कानटोपी घालून पुढच्या काचेवर वाकले होते. बॉनेट झालं होतं, टप झाला होता, उजवी बाजू झाली होती. बादलीवर फडकं पिळून ते डावीकडे निघाले होते.

"अण्णा!" मी ओरडलोच. "कुणी सांगितलं होतं पुसायला?"

ते दचकून थांबले. हातातलं फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं. डॉक्टरांच्या बंगल्यावर आवाज चढला की ते असेच उभे राहायचे, ते मी लहानपणी फाटकाबाहेरून पाहिलं होतं. आज तो आवाज माझा होता.

"ओली गाडी मालकापुढं कदी उभी केली न्हाई मी," ते हळूच म्हणाले. "काय चुकलं का?"

मावशी चहाचे कप घेऊन बाहेर आल्या होत्या. "आता गं बया," त्या म्हणाल्या, "बापानं गाडी पुसली म्हंजी गुन्हा क्येला व्हय रं? तू सांगितलंस का त्येला? मला बरं सांगितलंस!"

"नाही सांगितलं," मी म्हणालो. मग अण्णांना सगळं सांगितलं. दहिवराचं सांगितलं, आणि डॉक्टरीणबाईंच्या फोटोतल्या हाताचंही. मी तो फोटो कॉलेजभर पाकिटात ठेवला होता, हे त्यांना माहीत नव्हतं. चहा तसाच हातात धरून ते ऐकत राहिले.

"मग ही बाजू ऱ्हाऊ दे," शेवटी म्हणाले. "अजून ओली हाय."

डाव्या बाजूची दोन्ही दारं, मागची काच, सगळं अजून शुभ्र होतं. डोंगराच्या कडेवर ऊन आलं होतं, खळ्यात पोचायला थोडाच वेळ होता. मी अण्णांना दाराशी उभं केलं. मोबाईल वर केला आणि त्यांचे पाय पुन्हा सरकले. त्यांच्याही ते लक्षात आलं. "थांबतच न्हाईत रं," ते ओशाळून म्हणाले.

तेव्हा मला सुचलं. मी पुढे गेलो आणि मागचं डावं दार उघडलं. ही मालकाची जागा. चौतीस वर्षं अण्णांनी हे दार दुसऱ्यांसाठी उघडलं. ते स्वतः तिथे कधी बसले नव्हते. माझ्या गाडीतही ते पुढेच बसायचे.

"बसा," मी म्हणालो.

"हितं?"

"हितं न्हाई तर काय टपावर?" मावशी म्हणाल्या. "बसा की भाऊ. च्या गार हुतोय."

ते बसले. गुडघे जुळवून, फडक्याची घडी मांडीवर ठेवून. ते लावायचे तसं मी दार हळू लावलं, आवाज न करता. दहिवराने काच पांढरी होती, आतले अण्णा दिसत नव्हते. मी मागे जाऊन थांबलो. आतून त्यांचा हात काच पुसताना सावलीसारखा दिसला. पण दहिवर बाहेरून, आतून पुसून काय होणार? मावशींना हसू आवरेना. "आवो, भाईरनं हाय त्ये!"

मग काच खाली येऊ लागली. आमच्या गाडीची मागची काच निम्मीच उतरते. ती तिथे अडकली. खाली दहिवराने भरलेली अर्धी काच आणि वर कानटोपीतले अण्णा, स्वतःच्याच फजितीवर तोंड भरून हसत. सरकायला जागा नव्हती. मी फोटो काढला.

दहा वाजता मैदानावर एका मोठ्या पडद्यावर सगळे फोटो दाखवले. पहिला नंबर त्या निळ्या गाडीला मिळाला. धुक्यातून बाहेर येणारी गाडी आणि टपावर बसलेले ते गृहस्थ, खरंच सुंदर फोटो होता. आमचा फोटो आला तेव्हा सायलीने माईकवरून विचारलं, "पंचवीस नंबरचे मालक कुठे आहेत?"

मी वळून पाहिलं. अण्णा गर्दीत नव्हते. ते लांब, गाड्यांच्या रांगेशी, काही मोठ्या गाड्यांबरोबर आलेल्या ड्रायव्हर मंडळींत उभे होते. एका ड्रायव्हरने पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "ओ आबा, हे तर तुमी! मागं बसलाय!" दुसरा म्हणाला, "साहेब झाले, साहेब!" आणि त्याने टाळी द्यायला हात पुढे केला. अण्णांनी टाळी दिली. बक्षीस मिळालं नाही. तरी त्या ड्रायव्हरांनी तो फोटो माझ्याकडून मागून घेतला आणि मोबाईल एकमेकांच्या हातात देत बराच वेळ पाहिला.

परतताना कामशेतला चहासाठी थांबलो. अण्णा पुढेच बसले होते. ब्रेकही दाबत होते. माणूस दोन दिवसांत बदलत नाही, आणि बदलावा असं मला वाटतही नव्हतं. मला फक्त एवढंच कळलं की मी मनात ज्याला अण्णांचं ऋण म्हणत होतो, ते फेडायला निघालो तेव्हाही विचार माझ्याच फोटोचा केला होता. ते अर्ध्या गाडीवर निभावलं, ते मावशींमुळे आणि आड आलेल्या डोंगरामुळे.

आईने तो फोटो दिवाणाच्या वर लावला आहे. "कानटोपी तरी काढायची," एवढंच म्हणाली, पण दिवसातून चार वेळा तिकडे पाहते.

सोमवारी सकाळी डब्याची पिशवी घेऊन खाली उतरलो. चिंचवडलाही त्या दिवशी दहिवर पडलं होतं. गाडी पांढरी होऊन उभी होती आणि अण्णा समोरच्या कट्ट्यावर बशीतून चहा पीत बसले होते. फडकं खांद्यावर, कोरडं.

"अण्णा, गाडी पुसायची राहिली वाटतं?"

"पुसतो की," बशीवर फुंकर मारत ते म्हणाले. "च्या तर पिऊ दे. आपलीच हाय."