क्लचताई अप्पांचं लग्न लावते

गाडी चालवायला शिकवणं हा क्लचताईचा धंदा. अर्धं गाव तिच्या हाताखाली शिकलं आणि त्या सगळ्यांच्या कानात आजही तिचा एकच शब्द घुमतो, "क्लच!" म्हणून हे नाव. तिने ते मुकाट्याने पत्करलं होतं. याहून वाईट नाव पडू शकलं असतं, एवढी तिला आपल्या जिभेची कल्पना होती.

रविवारी मात्र ती लग्नं लावायची. पोथी नको, पुरोहित नको, चार माणसांसमोर आपल्याच शब्दांत एकमेकांना वचन द्यायचं, एवढंच ज्यांना हवं असायचं अशी जोडपी तिच्याकडे येत. तिची पद्धत जगावेगळी होती. कुठे भेटलात, काय आवडतं, असले प्रश्न ती विचारायचीच नाही. दोघांना सरळ शिकवणीच्या गाडीत घालायची. एकाने चालवायची, दुसऱ्याने मागे बसून रस्ता सांगायचा. ही ड्रायव्हरशेजारी, पायाखाली शिकवणाऱ्यासाठीचा जादा ब्रेक. गाडीत माणूस लवकर उघडा पडतो, असं तिचं म्हणणं. एक नवरदेव भलत्याच गल्लीत शिरूनही 'बरोबर चाललोय' म्हणत राहिला होता. त्याच्याकडून तिने भर मांडवात 'चुकलो' म्हणायचं वचन घेतलं. पाहुण्यांत हशा पिकला आणि सगळ्यांत जोरात टाळ्या नवरीने वाजवल्या.

अशा बाईच्या घरातच लग्न निघालं. तेही वडिलांचं.

अप्पांची हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली. डोळ्यांना धड दिसणार नाहीत असले स्क्रू ते बोलता बोलता बसवायचे. धंदा बंद केला तरी हत्यारांचा डबा त्यांनी उशाशी ठेवला होता. आणि हेच अप्पा कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन, दर चार दिवसांनी, चष्म्याचा ढिला झालेला स्क्रू आवळून घेत होते. क्लचताईच्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा तिची हसून हसून मुरकुंडी वळली. दुकान चालवणाऱ्या बाई एकट्याच राहायच्या. बोलायला मोजक्या, हसायला सढळ. बघता बघता त्या हिच्या मावशी झाल्या, आणि एके दिवशी दोघांनी समोर बसून सांगितलं की आम्हाला लग्न करायचंय आणि ते तूच लावायचंस. ती हो म्हणाली, अगदी मनापासून.

मग ती लिहायला बसली आणि घोडं तिथेच अडलं. ही दोन माणसं एकमेकांपर्यंत कशी पोचली, हे ती प्रत्येक लग्नात सांगायची. अप्पांची गोष्ट आईला वगळून सुरूच होत नव्हती. आईला जाऊन काही वर्षं झाली होती. तिचा उल्लेख करावा तर मावशींच्या आनंदावर विरजण, न करावा तर आपल्या हाताने आईला पुसून टाकल्यासारखं. लिहिलेलं खोडून खोडून ती रडकुंडीला आली. इकडे हॉल ठरला होता, पाहुण्यांना कळवून झालं होतं. शेवटी तिने अप्पांना सांगून टाकलं की दुसरं कुणी बघा, माझ्याने नाही होणार.

अप्पा चिडले असते तर परवडलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग राहू दे," ते म्हणाले. "तुझ्या मनात नसेल तर मलाही नाही करायचं."

आपल्या मनात काय आहे हे क्लचताईला तरी कुठे नीट सांगता येत होतं? एवढं मात्र कळत होतं की आता गप्प बसलो तर अप्पांचं हातातोंडाशी आलेलं सुख आपल्यामुळे जाणार. तिला एकच विद्या येत होती. तिने मावशींना बोलावून घेतलं आणि दोघांना गाडीत घातलं.

अप्पा म्हातारपणी लेकीकडेच गाडी शिकले होते. गाडी हळू करताना क्लच विसरायची त्यांची खोड काही केल्या गेली नव्हती. त्या दिवशीही गचके देत, मध्येच बंद पडत स्वारी निघाली. मागून मावशी न गडबडता रस्ता सांगत होत्या. घराकडे परतताना पेट्रोल पंपाच्या चौकात त्या म्हणाल्या, डावीकडे घ्या.

क्लचताईतली मास्तरीण जागी झाली. "कशाला? सरळ गेलं की दोन मिनिटांत घर."

अप्पा समोर बघत राहिले.

"सरळ हॉस्पिटल लागतं," त्या म्हणाल्या. "तुझी आई होती ते."

"अप्पांनी सांगितलं तुम्हाला?"

"नाही गं, गावात कळतंच. आम्ही फिरायला निघालो की हे इथे वळतात. मग मीही वळते."

क्लचताईला धक्काच बसला. अप्पा वळसा घालून येतात हे ती इतकी वर्षं बघत होती. त्यांना त्या गल्लीतली झाडं आवडतात, असं ती धरून चालली होती. ही बाई मात्र एका शब्दाने न विचारता तिच्या आईसाठी रोज लांबच्या रस्त्याने चालत आली होती. कुणाला पुसायचं आणि कुणाला ठेवायचं, हा घोळ फक्त आपल्याच डोक्यात होता, हे तिला कळून चुकलं. तिने खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले, मग अप्पांना म्हणाली, "लग्न मीच लावणार. आता घ्या डावीकडे."

लग्न झोकात झालं. क्लचताईने गोष्ट आईपासूनच सुरू केली आणि ऐकताना मावशी समाधानाने मान हलवत होत्या. अंगठ्यांना फाटा देऊन अप्पांनी खिशातून आपला स्क्रूड्रायव्हर काढला आणि सगळ्यांसमोर मावशींच्या चष्म्याचा स्क्रू आवळून दिला. आता मावशींची पाळी आली.

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं," त्या म्हणाल्या. "स्क्रू हे घरून ढिला करून आणतात. मीही तो कधी फार घट्ट आवळला नाही. वचन देते, यापुढेही आवळणार नाही."

हसता हसता लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. अप्पा लाजून लाल झाले.

घरी जायला शिकवणीचीच गाडी होती. अप्पा स्टिअरिंगवर बसले. क्लचताई सवयीने पुढचं दार उघडायला गेली, थबकली, आणि ती जागा तिने मावशींना दिली. स्वतःच्या गाडीत ती पहिल्यांदाच मागे बसत होती.

पेट्रोल पंपाच्या चौकात अप्पांनी डावीकडचा इंडिकेटर लावला. थोडा वेळ तो टकटकत राहिला. मग त्यांनी तो बंद केला आणि गाडी सरळ घेतली. हॉस्पिटलच्या समोर त्यांनी गाडी हळू केली आणि ती नेहमीप्रमाणे गचका खाऊन बंद पडली.

"ती खिडकी," अप्पा म्हणाले. "वरून दुसरी."

मावशी वाकून बघू लागल्या. अप्पा त्यांना सांगत राहिले, की तिला तिथून समोरचं मैदान दिसायचं, संध्याकाळी पोरं खेळायला लागली की ती उठून बसायची. हे क्लचताईलाही ठाऊक नव्हतं. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. जन्मभर जो शब्द तिच्या जिभेवर होता तो तिने गिळला आणि बसून राहिली.

अप्पांचं सांगून झालं. मावशींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आता क्लच दाबा," त्या म्हणाल्या, आणि गाडी सुरू झाली.