प्लास्टिकमधलं कार्ड

एका बाळाचं लसीचं कार्ड मी लॅमिनेट करून आणलं.

तेव्हा आटपाडीकडं घरोघर फिरून फॉर्म भरायचं काम माझ्याकडं होतं. लोक लेकरांना लसीला का आणत नाहीत, याची कारणं शोधायची. कारणं फॉर्मवर आधीच छापलेली, आपण फक्त खूण करायची. एका मेंढपाळ बाईनं कमरेच्या पिशवीतून मुलीचं कार्ड काढलं. घडीवर फाटलेलं, घामानं ओलसर. मेंढरांमागं फिरताना कागद टिकत नाही म्हणाली. मला गहिवर आला, आणि मला गहिवर आला की कुणाचं तरी नुकसान ठरलेलंच. मोटरसायकलला किक मारून बाजारात गेलो, कार्ड कडक प्लास्टिकमध्ये घालून आणलं. आता पाण्यात पडलं तरी याला काही होणार नाही, असं ठणकावून सांगितलं. वर, नवव्या महिन्याची गोवरची लस चुकवू नका, हे भाषण. तिनं कार्ड कपाळाला लावलं. मी दोन दिवस हवेत.

दिवाळीनंतर ती माणसं मेंढरं घेऊन कोरेगावकडं गेली. नववा महिना तिथंच भरला. पोरीला काखोटीला मारून बाई उपकेंद्रावर गेली. सिस्टरनं नोंदीसाठी पेन टेकवलं, तर प्लास्टिकवर शाई उमटेना. सगळ्या बायांसमोर तिलाच फैलावर घेतलं: हा शहाणपणा कुणी केला, मी लिहू कुठं, जिथलं कार्ड तिथून नवं करून आण जा. बाई खाली मान घालून परतली, ती पुन्हा कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नाही.

हे सगळं तिनंच सांगितलं, मी पुढच्या फेरीला तोच फॉर्म घेऊन गेलो तेव्हा. तोवर पोरीला गोवर येऊन गेला होता. डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं.

मी फॉर्मवर कारण शोधत बसलो. माहिती नाही, अंतर लांब, घरच्यांचा विरोध. चारचौघांत अपमान झाला, असा चौकोन नव्हता. फॉर्म भरणाऱ्यानं मदत केली, असा तर नव्हताच. शेवटी एके ठिकाणी खूण केली.

“काय लिव्हलं, सायेब?”

“कार्ड खराब,” मी पुटपुटलो.

तिनं पिशवीतून कार्ड काढून माझ्या पुढ्यात टाकलं. अजून चकाकत होतं.

“खराब कुटं हाय? पोरीचा डोळा गेला. तुमच्या कार्डाला काय बी झालं न्हाई.”