ताराचंदची पाठ

ताराचंद निनावे हा वाडी गावात बिब्ब्याच्या गोदामात हमाल होता. मीही तिथेच होतो. त्याच्यासारखं पोतं उचलणारा मी पुन्हा पाहिला नाही. दम आधी घ्यायचा, गुडघ्यातून उठायचं, पोतं पाठीवर नीट बसलं की मगच पाऊल टाकायचं. एवढंच तो शिकवायचा. चुकलं तर बोलायचा नाही, पोतं खाली ठेवायला लावायचा.

गोदामात बाया बिब्बे फोडून आतली गोडंबी काढत. फोडताना काळं तेल उडतं. कातडीला लागलं की बहुतेकांना उततं. सूज येते, फोड येतात, त्यातून पाणी गळतं. पोत्यांतूनही ते झिरपायचं. पहिलं वर्षभर माझी मान सुजलेलीच होती. ताराचंदला काही होत नसे. काळा डाग पडे आणि काही दिवसांनी निघून जाई. त्याचं घर उमरेडचं, कोष्ट्यांचं. बापाचा माग बंद पडल्यावर आई बिब्बे फोडायला लागली आणि पोराला रांगत्या वयापासून गोडंबी चारत गेली.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात बिब्बे फोडणाऱ्या रुखमाबाईच्या डोळ्यात तेल उडालं. ती काम टाकून बसली. मुकादम नत्थूने तिच्या कमरेत लाथ घातली. दुसरी घालायला पाय उचलला तेव्हा ताराचंदने त्याला मागून धरून पोत्यांवर आपटलं. संध्याकाळी नत्थू दोन माणसं घेऊन आला आणि बांबूने ताराचंदला फोडून काढलं. मांड्या, दंड, कंबर सुजून निळी झाली. सरकारी डॉक्टरने खुणा लिहून घेतल्या आणि खटला उभा राहिला.

नत्थूच्या वकिलाने कोर्टात सांगितलं की या खुणा माराच्या नव्हेतच. बिब्ब्याचं तेल चोळलं की मारासारखे डाग उठतात, खोटी फिर्याद करणारे हेच करतात, डॉक्टरांच्या पुस्तकातही तसं आहे, आणि हा माणूस तर दिवसभर बिब्ब्यातच असतो. लोक असं करत, हे खरं होतं. तोवर वळ गेलेले, दाखवायला काही उरलं नव्हतं. खुणा बनावट ठरल्या असत्या तर नत्थू सुटला असता आणि खोट्या फिर्यादीपायी ताराचंद आत गेला असता. वकिलाने नत्थूला आधी विचारलं असतं तर त्याने हा मुद्दा काढलाच नसता. ताराचंदला बिब्बा उतत नाही हे गोदामात सगळ्यांना ठाऊक होतं. पण हमालांच्या सांगण्यावर कोर्ट चालत नाही.

शहरात सदर भागात एक लहान प्रयोगशाळा होती. डॉक्टर सुहासिनीबाई तिथे बिब्ब्यावरच संशोधन करत होत्या. आमच्या बायांच्या कातडीचे तांदळाएवढे तुकडे त्यांनी तपासायला आधी नेले होते. कोर्टाने त्यांचं मत मागवलं. त्यांनी आम्हाला गिनीपिगांचे पिंजरे दाखवले. काहींना लहानपणापासून गोडंबी चारलेली, काहींना नाही. पाठ भादरून तेलाचा थेंब ठेवला की न चारलेल्यांची पाठ फुटायची, चारलेल्यांची बहुधा शांत राहायची. त्या म्हणाल्या की कातडीत पहारा करणाऱ्या पेशी असतात. परकं काही आलं की त्या धरतात आणि आत वर्दी देतात, मग सगळं शरीर त्या जागेवर तुटून पडतं. जे लहानपणापासून पोटात गेलं त्याच्यावर शरीर हात उचलत नाही, असा त्यांचा अंदाज होता. सिद्ध व्हायचं होतं.

शनिवारी सकाळी त्यांनी ताराचंदच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढं तेल ठेवलं, वर पट्टी चिकटवली, पट्टीच्या कडेवर सही केली. कातडी सुजली नाही, तर ते सुजलेले निळे वळ बिब्ब्याचे नव्हते हे ठरणार होतं. तुलनेला दुसरी पाठ हवी होती. मी दिली. पट्टी सोमवारी त्याच काढणार होत्या आणि तिथूनच कोर्टात जाणार होत्या. पट्टी निघाली किंवा आसपासची कातडी सोलली तर काहीच लिहून देता येणार नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.

रविवारी दुपारी आम्ही सरकीच्या गोदामामागे सावलीत बसलो होतो. माझी पाठ आगीसारखी झाली होती. जामिनावर सुटलेला नत्थू आणि त्याचे ते दोघे आले. एकाने टायर काढायची लोखंडी टॉमी माझ्या गुडघ्यावर मारली. मी पडलो तो उठलोच नाही. बाकीचं पडल्यापडल्या पाहिलं.

मार पडायला लागला की माणूस अंग मुडपतो, पोट-तोंड वाचवतो आणि पाठ देतो. अंग आपोआपच तसं करतं. ताराचंदने ते करू दिलं नाही. तो मागे सरकत सरकीच्या पोत्यांना टेकला आणि समोरून उघडा राहिला.

"उलटा हो बे," नत्थू म्हणाला. "तुह्या पाठीवर का सोनं लावलं का?"

"मार गा, जितकं मारायचं तितकं मार. पाठ नाही भेटत तुले."

पहिला घाव छातीवर बसला. फासळी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा तोंडावर बसला आणि दात ओठातून बाहेर आले. दोघांनी दंड धरून त्याला उलटा करायचा जोर केला. त्याने पाय रोवले आणि मागच्या पोत्याची शिवण उजव्या मुठीत पकडली. नत्थूने टॉमी घेतली आणि त्या मुठीवर मारत राहिला. बोटं फुटली, पोत्यावर रक्त उतरलं, तरी मूठ सुटली नाही. मी गळा फाटेस्तोवर ओरडत होतो. ट्रकवाले धावत आले तेव्हा ते तिघे पळाले. ताराचंद उभाच होता. शिवण सोडवायला ट्रकवाल्यांना त्याची बोटं एकेक करून उचलावी लागली.

सोमवारी दोन हमालांनी धरून त्याला प्रयोगशाळेत नेलं, मीही लंगडत गेलो. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तोंडाला लावायला कापूस घेतला.

"पाठ पाहा अगोदर, बाई," तो म्हणाला.

त्यांनी आधी माझी पट्टी काढली. तळव्याएवढी जागा सुजून फोडांनी भरली होती. मग त्याची काढली. सही जशीच्या तशी होती. खाली काळा ठिपका, भोवती सपाट कातडी. त्यांनी बोट फिरवून पाहिलं, मग भिंग धरून पाहिलं आणि लिहायला बसल्या.

कोर्टात या वेळी वकिलाने खुणांबद्दल एक शब्द काढला नाही. नत्थूला पुढे दोन्ही मारांची सजा झाली.

ताराचंदची उजवी मूठ पुन्हा मिटली नाही. मूठ मिटत नसेल तर पोतं पाठीवर येत नाही. रुखमाबाईने त्याला आपल्या शेजारी बसवलं आणि डाव्या हाताने बिब्बे फोडायला शिकवलं. बायांत बसतो म्हणून नवे हमाल हसायचे. तो मान वर करायचा नाही. पहिल्या महिन्यात गोडंबी तुटायची. नंतर अख्खी निघू लागली.