अक्का आणि दुसऱ्या ग्रहावरची भुतं

अक्का आज सकाळी गेली.

तेव्हापासून मी तिच्या पोटाकडे बघत बसलेय. हलतंय का म्हणून.

शेजारची पोरगी म्हणाली, "अज्जी, स्वल्प रडा. बरं वाटेल."

रडू येत नाही. काहीच येत नाही. म्हणून फोन घेतला. मी बोलते, तो लिहितो. चुका त्याच्या.

पोटाचं सांगते.

अक्का माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही. सरकारी कारखान्यात टायपिस्ट होती, इंग्रजी फाडफाड. मी निपाणीकडची, खेड्यातल्या शाळेत सातवी. साठ सालानंतर कधीतरी लग्न होऊन बेंगळूरला आले.

संसार झाला न झाला, ताप आला आणि हे गेले.

मी गप्प झाले. रडले नाही, बोलले नाही. चुलीपुढं बसायचे आणि भात करपवायचे.

एका रविवारी अक्का म्हणाली, "ऊठ. लालबागेत जाऊन येऊ."

बस लालबाग सोडून पुढं गेली. कँटोन्मेंटात उतरलो. समोर थेटर. इंग्रजी पिक्चरचा मॉर्निंग शो.

"अहो अक्का, कुणी बघितलं तर?"

"इथं आपलं कोण येतंय? पलटणीतले शिपाई येतात. त्यांना तुझी सासू माहीत नाही. चल."

पडद्यावर दुसऱ्या ग्रहावरचं भूत आलं.

अंगाला गोणपाटासारखी केसाळ कातडी. डोक्यावर काचेचं भांडं. पाठीला चेन, ती पण अर्धी उघडी. खाली कॅनव्हासचे बूट.

त्याचं विमान म्हणजे जेवणाची दोन ताटं एकमेकांवर पालथी घालून दोऱ्याला टांगलेली. दोरा दिसत होता.

"अक्का, तो काय म्हणतोय?"

"म्हणतोय, मी शास्त्रज्ञ आहे, घाबरू नका."

"आणि ती बाई?"

"ती किंचाळतीय. ते तुझं तू समज."

मग भुतानं एका पोलिसाला मारलं. सगळे टोप्या काढून उभे राहिले. वाद्यं रडायला लागली.

अक्का माझ्या कानात म्हणाली, "हौशे, त्याचं पोट बघ."

वर-खाली. वर-खाली. मेलेला पोलीस निवांत श्वास घेत होता.

त्यात त्याचं नाक हुळहुळलं. मेल्या मेल्या त्यानं नाक उडवलं.

मला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबला. अक्का, तू पण हसतीस, म्हटलं. अंधारात अहो-जाहो कोण करतंय. ते तिथंच सुटलं.

तिचा सख्खा भाऊ गेला होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा आठवलं.

मग आम्ही जातच राहिलो. कधी तबकडीतून जेली यायची, कधी एकडोळ्या. भ्यायला बसवायचे आणि हसवून पाठवायचे. काही तर मुद्दामच हसवायचे.

आपल्या पिक्चरात इंटरव्हलच्या आत कुणाचं तरी कुंकू पुसतात. मी तिथं काय बघू?

हे भूत इतक्या लांबून आलेलं, त्याला विधवा म्हणजे काय तेच माहीत नाही. सगळ्यांना सारखं भिववतं. ते पण धड येत नाही बिचाऱ्याला.

पिक्चरला पैसे कमी पडलेले दिसले की आम्ही खूश. चांगला केलेला असला की मेलेला मेल्यासारखा दिसतो. तो आम्हाला नको होता.

एकदा इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंच्या मिस्टरांनी आम्हाला थेटरात बघितलं. ते तिथं काय करत होते, कुणी विचारलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "माझा पोरगा जाऊन वर्ष झालं नाही आणि ही थेटरात खिदळती. हिच्या बापाला बोलवा. घेऊन जाऊ दे."

गावी म्हणजे भावजयीच्या स्वयंपाकघराचा कोपरा. जन्मभर. मी ट्रंक भरायला घेतली.

अक्का दारात उभी राहिली.

"आई, ती हसली. मी पण हसले. हिला पाठवणार असशील तर माझी पण ट्रंक काढ."

सासूबाईंनी विचारलं,

"माणसं मरतात त्या पिक्चरात?"

"मरतात. पण श्वास घेत असतात."

"दिसतं?"

"स्पष्ट दिसतं, आई."

त्या आत गेल्या. हसल्या का रडल्या, आम्हाला कळलं नाही. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते.

"बापाला बोलवायचं राहू दे," म्हणाल्या. "आणि लालबाग सांगून जाऊ नका. खरं सांगून जा."

मी राहिले. आजपर्यंत.

म्हातारपणी मी तिला चिडवायचे, "अक्का, तूच ते भूत. पाठीची चेन दाखव."

ती म्हणायची, "सरी, चालेल. आधी तू मर, तुझं पोट मी बघते."

आज रांग मोडून स्वतःच घुसली पुढं. सवयच तिची, रेशनच्या दुकानात पण तेच करायची.

हे सांगतानासुद्धा मला काही होत नाहीये. फोन धरून हाताला मुंग्या आल्यात, तेवढंच.

चार वाजता बनशंकरी भागातल्या आमच्या घरून तिला नेणार आहेत. या.

तोंड पाडून यायची सक्ती नाही. तिचं काही आठवून हसू आलं तर फाटकाबाहेर जाऊन हसू नका. तिच्यासमोर हसा. या घरात चालतं. तिनंच चालवलं.

जमलं तर मी पण हसेन. आत्ता जमत नाही.

अक्का, माझा नमस्कार घे.

तुझी हौशी