कोपऱ्यातला ‘हव’

भूतबित, अंगात येणं... असलं काही ऐकलं की मला हसू यायचं. आमचं घर बौद्ध, वडील रेल्वेत. उतारे आणि नवस यांना आमच्या दारात थारा नाही. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटते आहे.

रायपूरच्या शंकर नगरात आमचं वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे. एकच खोली. त्यात मी, स्वाती आणि गेल्या उन्हाळ्यापर्यंत मेश्राम काका. चालू साइटवर नवीन फाइल टाकताना जुनी कुणाच्या वापरात असली, तर सर्व्हर ती बदलू देत नाही – ‘फाइल लॉक आहे’ म्हणतो. म्हणून काकांनी एक रीत घालून दिली होती. आधी साइटवर ‘काम सुरू आहे’ची पाटी लावायची, म्हणजे साइट फाइली सोडते. मग मोठ्यानं म्हणायचं, "हात काढा." ज्याच्याकडे फाइल उघडी असेल त्यानं ती बंद करून ‘हव’, म्हणजे इकडचं ‘हो’, म्हणायचं. काकांचा ‘हव’ सगळ्यात शेवटी, सावकाश यायचा. तीनदा तपासल्याशिवाय ते हात काढत नसत. उन्हाळ्यात हार्ट अटॅकनं गेले. कोपऱ्यातलं त्यांचं टेबल अजून तसंच आहे, कम्प्युटर तेवढा काढलाय.

दिवाळीनंतरची गोष्ट. समता कॉलोनीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबची साइट होती. पेशंटनं नाव आणि मोबाइल नंबर टाकला की रिपोर्ट दिसेल, असं नवीन पान मी जुन्याच्या जागी केलं होतं. दुपारी तीनच्या सुमारास पाटी लावली, हाक दिली. स्वाती म्हणाली, "हव भैया." सगळ्या फाइली गेल्या, एक अडली. नेमकी रिपोर्ट शोधणारी.

साइट पूर्ण बंद केली, सर्व्हर रीस्टार्ट केला. तरी लॉक. कोण वापरतंय ते पाहिलं... कुणीच नाही. तिकडे लॅबचे डॉक्टर फोनवर तापलेले, "अरे भाई, मरीज बैठे हैं यहाँ."

"बघ बरं स्वाती, काहून अडून राहिली ही फाइल," मी वैतागून म्हणालो.

तिनं ती उघडून वाचली आणि विचारलं, "भैया, एक नंबर पे चार लोग हों तो?"

मी पेशंटची यादी काढली. एका घरातले चौघं एकाच मोबाइलवर. माझं पान नाव विचारत होतं, पण रिपोर्ट नुसत्या नंबरावरून काढत होतं. म्हणजे सात महिन्यांच्या गरोदर सुनेच्या नावाखाली सासूच्या शुगरचे आकडे... आणि त्यावर औषधं सुरू झाली असती. काका मला कितीदा म्हणाले होते, "नंबराच्या भरवशावर राहू नको बापू, आमच्या पाऱ्यात-मोहल्ल्यात एका फोनवर अख्खं घर चालते." मी हो-हो करून सोडून दिलं होतं.

चूक दुरुस्त केली, दोघांनी तपासली. पुन्हा म्हणालो, "हात काढा."

"हव भैया."

मग कोपऱ्यातून, सावकाश... "हव."

फाइल लगेच गेली. स्वातीचा चेहरा उतरला होता. "मैंने एक ही बार बोला, भैया," ती म्हणाली. मी तिला काही विचारलंच नव्हतं.

नंतर सर्व्हरच्या नोंदी चाळल्या, दोन जाणकारांना दाखवल्या. फाइल कशानं अडली होती ते कुणालाच सांगता आलं नाही, मलाही नाही. तो ‘हव’ पुन्हा कधी आला नाही. मी मात्र दर वेळी स्वातीनंतर जरा थांबतो. पूर्वी फाइल अडली की चिडायचो. आता ती सरळ गेली की भीती वाटते... ही कुणी तपासली असेल का?